तिसऱ्या रांगेतली खुंटी

रेनो हाउतालाच्या मेंदूत नोव्हेंबरमध्ये एक बारीकशी गुठळी अडकली. डिसेंबरमध्ये तो घरी आला तो उजवा हात थोडा जड, जीभ थोडी जड आणि स्वभाव होता तसाच घेऊन. स्वभावावर औषध नाही हे त्याच्या बायकोला, आर्डिसला, सेहेचाळीस वर्षांपासून माहीत होतं. बाकीच्यासाठी ब्रिटा नावाची एक तरुण मुलगी दर सोमवारी यायची आणि त्याच्याकडून रबरी चेंडू दाबून घ्यायची.

"रोज पत्ते खेळा," ब्रिटा म्हणाली. "ज्यात मोजावं लागतं असं काहीतरी. मेंदूला काम मिळतं."

"क्रिबेज," रेनो म्हणाला. अगदी स्पष्ट. त्या आठवड्यातला त्याचा हा पहिला धड शब्द. बायकोचं नाव दुसरं आलं, तेही दोन दिवसांनी.

पाइक बेमध्ये हिवाळ्यात करण्यासारख्या दोनच गोष्टी आहेत. तळ्यावरच्या बर्फाला भोक पाडून मासे धरणं, आणि फळीच्या भोकांतून खुंट्या सरकवणं, म्हणजे क्रिबेज. पहिली रेनोला डॉक्टरांनी बंद केली होती. मग रोज दुपारी दोन वाजता, जेवणाची भांडी विसळून झाली की, आर्डिस स्वयंपाकघरातल्या टेबलावर कॉफी, वेलदोड्याचा पाव आणि पत्त्यांचा जोड ठेवायची. खिडकीतून गोठलेलं तळं आणि मासेमारांच्या खोपट्यांचा धूर दिसायचा. खुर्च्या तीन होत्या. चौथी मोडल्याला अकरा वर्षं झाली होती आणि रेनो ती दुरुस्त करणार होता.

खेळ तसा सोपा. प्रत्येकाला सहा पानं, त्यातली दोन बाजूला टाकायची. मग गठ्ठा कापून एक पान उघडं करायचं, ते दोघांच्याही हातात धरायचं. पानांची बेरीज पंधरा झाली की दोन गुण, जोडी असली की दोन, ओळीनं तीन आली की तीन. आणि कापलेल्या पानाच्या रंगाचा गुलाम, म्हणजे इस्पिकला इस्पिकचा, बदामला बदामचा, हातात असला की एक. हे सगळं तोंडानं, मोठ्यानं मोजायचं. बोललं नाही ते मिळालं नाही. जितके गुण तितकी भोकं खुंटी पुढे, आणि एकशेएकवीस आधी गाठेल तो जिंकला. हातात काहीच नसलं तर "एकोणीस" म्हणायचं, कारण एका हातात एकोणीस गुण कधीच होऊ शकत नाहीत. हा एक विनोद त्या गावाला चार पिढ्या पुरला आहे.

सगळ्यात मोठा हात एकोणतिसाचा. तीन पंज्या आणि एक गुलाम हातात, आणि कापून निघालेली चौथी पंजी नेमकी त्या गुलामाच्या रंगाची. जन्मात एखाद्याला निघतो. माजी सैनिकांच्या हॉलमध्ये, जिथे दर मंगळवारी क्लबचा डाव असतो, भिंतीवर अशा भाग्यवंतांच्या चार पितळी पाट्या आहेत. पाचवी पाटी कुठे बसेल ते रेनोनं टेपनं मोजून ठेवलं होतं.

आणखी एक नियम होता आणि त्यावरून या घरात बरीच भांडी आपटली गेली होती. समोरचा स्वतःचे गुण मोजायला विसरला, तर "ढापले" म्हणायचं आणि ते आपण घ्यायचे. रेनोनं आयुष्यात कुणाचा एक गुण सोडला नव्हता. लग्नानंतर दोघं डुलुथला गेली, तिथल्या मोटेलात त्यानं नव्या नवरीचे चार गुण ढापले, आणि परतताना वाटेतलं टू हार्बर्स गाव येईपर्यंत ती त्याच्याशी बोलली नाही. आर्डिसनं मात्र कधी कुणाचे ढापले नाहीत. चुकलेल्याचे गुण उचलणं म्हणजे घसरून पडलेल्याच्या खिशात हात घालणं, असं तिचं मत होतं.

आता रेनो चुकत होता. आणि चुकतोय हे सांगायची सोय नव्हती. दुसऱ्याचा हात मोजून द्यायचा नाही, हा पाइक बेमधला अलिखित कायदा. ढापा किंवा गप्प बसा. तिनं एकदा हळूच "जोडी राहिली" म्हटलं, तर तो उठून गॅरेजमध्ये जाऊन बसला. तिथे उणे बावीस अंश तापमान होतं. त्याला परत आणायला तासभर लागला, आणि त्याला पटवायला मटणाचं सॉसेज.

तर एका गुरुवारी रेनोनं पानं खाली ठेवली. सत्ती, दोन अठ्ठ्या, राजा. कापलेली राणी. "पंधरा-दोन," तो म्हणाला. त्याचं बोट पहिल्या अठ्ठीवरून दुसऱ्या अठ्ठीवर गेलं. "पंधरा-चार. झालं."

अठ्ठ्यांची जोडी राहिली. आर्डिसनं कॉफीचा घोट घेतला आणि गप्प बसली. पुढचा डाव पिसायला घेताना तिचं लक्ष फळीकडे गेलं.

ही फळी रेनोनंच तरुणपणी मेपलच्या लाकडाची केली होती. तीन खेळाडूंच्या तीन रांगा. तिसऱ्याच्या लाल खुंट्या फळीच्या पोटातल्या खाचेत, पितळी झाकणाखाली असायच्या, आणि गेली कित्येक वर्षं तिथेच होत्या. आता तिसऱ्या रांगेत, दुसऱ्या भोकात, एक लाल खुंटी उभी होती.

"ही कशाला काढलीस?"

"कुठली?"

"रेनो, मला वेड लावू नकोस. ही लाल."

"तूच काढली असशील," रेनो म्हणाला. "तुझं हल्ली लक्ष नसतं."

तिनं खुंटी काढून खाचेत टाकली. संध्याकाळी जेवताना रेनोनं समोरच्या चमच्याकडे बोट केलं. "ते दे. ते, सूप प्यायचं." शब्द सापडेना म्हणून तो हसला. आर्डिसनं चमचा दिला आणि टेबलाच्या कडेला ठेवलेल्या फळीकडे पाहिलं. खुंटी पुन्हा दुसऱ्या भोकात होती.

आर्डिस घाबरणाऱ्यांतली नव्हती. शाळेच्या भोजनगृहात तिनं एकतीस वर्षं दुधाचे खोके मोजले होते. तीनशे बारा मुलं, तीनशे बारा खोके, आणि एक कमी पडला तर तो कुणाच्या दप्तरात आहे हे तिला चेहऱ्यावरून कळायचं. तेव्हा तिला भीतीऐवजी संताप आला. एक नवरा आजारी, वर बर्फ काढायचा, आणि आता ही भर.

तरी मोजायची सवय जात नाही. रेनो जितके गुण विसरायचा, नेमकी तितकी भोकं लाल खुंटी पुढे जायची. सरकताना कधी दिसली नाही. तुम्ही पान उचलायला खाली बघितलंत की टिक, टिक असा आवाज, आणि वर बघेपर्यंत ती नव्या जागी. डाव संपला की दोघांच्या खुंट्या सुरुवातीला यायच्या, लाल मात्र होती तिथेच. काढून टाकली तर पुन्हा त्याच भोकात. पेक्का, त्यांचा म्हातारा कुत्रा, अशा वेळी भुंकेल, केस उभे करील अशी तिची अपेक्षा होती. पेक्का झोपलेला असायचा. त्या कुत्र्यानं जन्मात कशाची जबाबदारी घेतली नव्हती.

दुसरी गोष्ट तिच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. ज्या दिवशी खुंटी बारा भोकं पुढे गेली, त्या शनिवारी रेनो सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीच्या, भट्टीपुढे लाकडं हातात घेऊन उभा राहिला. साठ वर्षं दर शनिवारी तो ती पेटवत आला होता. "यांचं काय करतात?" त्यानं विचारलं. अकरा भोकं गेली तेव्हा भावाचं नाव गेलं. सात गेली तेव्हा कुत्र्याचं. "मेंदूचं असंच असतं, चढउतार," ब्रिटा म्हणाली. "पण खेळणं बंद करू नका हं, मिसेस हाउताला." आर्डिसला चढ कुठे दिसला नव्हता.

तिनं फळी डीप-फ्रीझरमध्ये, मासळीच्या पुड्यांखाली लपवली. दुसऱ्या दिवशी दुपारी रेनो टेबलाशी एकटाच खेळत बसला होता, फळीवर बर्फाचे कण. त्याच्या डोक्यातून सगळं जात होतं, फळी कुठे आहे तेवढं जात नव्हतं. खुंटी शहाण्णववर पोचली होती.

तिनं त्याच्यापुढे कॉफी ठेवली. त्यानं कप उचलला, घोट घेतला आणि तिच्याकडे अदबीनं पाहिलं.

"छान झालीय," तो म्हणाला. "तुम्ही इथे रोज असता का?"

आर्डिस ओट्याकडे वळली आणि धुतलेलंच भांडं पुन्हा धुतलं. मग हात पुसून येऊन बसली.

"पानं वाट," ती म्हणाली.

त्या दुपारी रेनोनं तीन पानांची ओळ मोजली नाही, आणि आर्डिस हाउतालानं आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द उच्चारला.

"ढापले."

रेनोचा चेहरा बघण्यासारखा झाला. "काय म्हणालीस?"

"तीन गुण. ढापले."

"सेहेचाळीस वर्षं देवमाणूस होतीस. आजारी माणसाचे ढापतेस?"

"हो," ती म्हणाली. आपल्याला त्यानं पुन्हा अगंतुगं केलं हे तिच्या लक्षात आलं होतं.

लाल खुंटी शहाण्णववरच राहिली. नऊ दिवस राहिली. आर्डिस रोज त्याचा हात त्याच्याआधी मनात मोजायची आणि चुकला रे चुकला की ढापायची. तो रोज रुसायचा. ट्रूडी झुपान, शेजारीण आणि क्रिबेज क्लबची चिटणीस, एकदा हे बघून गेली आणि मंगळवारी हॉलमध्ये सगळ्यांना सांगून आली की आर्डिसच्या काळजाच्या जागी बिडाचा तवा आहे. आर्डिसचं अर्धं लक्ष पानांत आणि अर्धं रिकाम्या खुर्चीत असायचं. "बसायचंच असेल तर बूट पुसून बसा," ती त्या खुर्चीला एकदा म्हणाली. फरशीवर खरंच पाणी होतं. पण ते पेक्काचंही असेल.

दहाव्या दिवशी रस्ता साफ करणारी गाडी फाटकापुढे बर्फाचा ढीग टाकून गेली. तो उपसायला तिला पाऊण तास लागला. ती आत आली तेव्हा रेनो एकटाच पानं मांडून बसला होता आणि खुंटी एकशेविसाव्या भोकात होती.

शेवटून दुसरं हे भोक. गावात त्याला "नासकं भोक" म्हणतात, कारण तिथे अडकून हरण्यासारखं दुःख नाही. रेनोनं अंगात कोट चढवला होता. "मला घरी जायचंय," तो म्हणाला. तो घरीच होता.

आर्डिसनं ट्रूडीला फोन लावला.

"ट्रूडी, दोघांच्या खेळात तिसऱ्याची खुंटी पुढे गेली, तर काय करायचं?"

"कोण तिसरा?"

"समज गं कुणीतरी."

"त्याला पानं वाटली होती का?"

"नाही."

"मग तो खेळातच नाही. खेळात नसलेल्याला हरवणार कशी? डाव संपला की बसलेल्यांच्या खुंट्या घरी जातात, उभ्या असलेल्याच्या नाही. तू ठीक आहेस ना? दूध मोजायचीस तेव्हा इतकी विचित्र नव्हतीस."

आर्डिसला हे पटलं. ज्याला या म्हटलं, त्यालाच आता निघा म्हणता येतं. तिनं तिसरा कप मांडला आणि पानं तीन जागी वाटली. तिघांत पाच-पाच, त्यातलं एकेक बाजूला.

"हे कुणाचं?" रेनोनं विचारलं.

"पाहुण्याचं."

"कोण पाहुणा?"

"तुला कळलं तर मलाही सांग."

रेनोनं तिच्याकडे कीव करत पाहिलं. "त्या चेंडूवाल्या मुलीला," तो म्हणाला, "तुलाही तपासायला सांगू."

तिसऱ्याची पानं पालथीच पडून राहिली. त्यानं एकही उचललं नाही. स्वतः काही करायचं नाही, फक्त दुसरे चुकायची वाट बघायची, असली माणसं असतात. आर्डिसची सासू तशी होती. पण खेळायला बसल्यावर नियम सगळ्यांना. आर्डिसनं आधी एकशेएकवीस गाठलं की लाल खुंटीही घरी जाणार होती. त्याला एक गुण हवा होता. तिला एकशेएकवीस.

ती खेळली. स्वतःचा हात दोनदा मोजायची, रेनोचा तीनदा. पाच वाटण्या झाल्या, सहा झाल्या. कॉफी गार झाली. रेनो चुकला तिथे तिनं ढापले, एकदा, दोनदा, पुन्हा. टिक असा आवाज एकदाही आला नाही. तीन वाजून गेले आणि शेवटच्या वाटणीत, आळीपाळीनं पानं टाकताना मिळतो त्या एका गुणानं, तिची खुंटी एकशेविसाव्या भोकात आली. लाल खुंटीच्या शेजारी.

आता फक्त मोजणी उरली होती. पहिली तिची, मग रेनोची.

कापलेलं पान इस्पिकची दुर्री. रेनोची पानं त्याच्यापुढे उघडी पडली होती. छक्की, सत्ती, दोन अठ्ठ्या. आर्डिसनं भरभर मोजलं, तीन पंधरा, एक जोडी, दोन ओळी. चौदा गुण. आजच्या रेनोला यातले सगळे सापडणं शक्यच नव्हतं. तो चुकणार, ती ढापणार, आणि संपलं. ज्या गोष्टीचा तिनं जन्मभर तिटकारा केला, तिचीच ती आता टक लावून वाट बघत होती.

"तुझं सांग," रेनो म्हणाला.

तिनं आपली पानं खाली ठेवली. राणी, अठ्ठी, छक्की, असलंच काहीबाही. पंधरा नाही, जोडी नाही, ओळ नाही. डोळे रेनोच्या अठ्ठ्यांवर.

"एकोणीस," ती म्हणाली.

टिक.

रेनो तिच्या पानांकडे बघत होता.

"गुलाम," तो म्हणाला. "इस्पिकचा गुलाम, आर्डिस. एक होता तुझा."

दोन महिन्यांत त्यानं बरोबर मोजलेला तो पहिला हात.

लाल खुंटी शेवटच्या भोकात उभी होती. बाहेर तळ्यावर कुणीतरी बर्फात भोक पाडत होतं, त्याच्या यंत्राची घरघर ऐकू येत होती. बाकी काहीच झालं नाही. रेनोनं हात लांब करून तिन्ही रांगांतल्या खुंट्या सुरुवातीला आणून लावल्या, नियमाप्रमाणे. मग कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला.

"पेक्काला बाहेर नेलंस का?" त्यानं विचारलं.

तिच्या तोंडून हसूच फुटलं. एवढंच होतं तर, तिला वाटलं. एवढ्यासाठी माझा सगळा हिवाळा नासवला.

शनिवारी रेनोनं सौना पेटवली. भावाला फोन करून जुन्या भांडणाची उजळणी केली. मोडकी खुर्ची तळघरातून वर आणली आणि तिला खिळे ठोकले. ब्रिटानं डॉक्टरांना कळवलं, डॉक्टरांनी दुसऱ्या डॉक्टरांना.

गुरुवारी ट्रूडी जेवायला आली. आर्डिसनं कपाटातून ताटल्या काढून टेबलावर मांडल्या. कपाट रिकामं झालं तेव्हा ती थांबली.

"कोण कोण येणार आहे?" ट्रूडीनं हसत विचारलं.

आर्डिसनं टेबलाकडे पाहिलं. ताटल्या गोल, पांढऱ्या, कडेला निळी रेघ. "पुरतील ना?" तिनं विचारलं.

ट्रूडी हसायची थांबली.

त्यानंतर रेनोच दुपारची कॉफी करायला लागला. वेलदोड्याचा पाव तोच कापायचा. मंगळवारी दोन वाजता त्यानं फळी मांडली, पानं पिसली, दोघांना वाटली. "खेळूया," तो म्हणाला. "तुझ्याच मेंदूला काम मिळेल." कोणती दोन टाकायची हे तिला सुचेना, तेव्हा तिनं डावीकडची दोन टाकली. त्यानं गठ्ठा तिच्याकडून कापून घेतला आणि वरचं पान उलटलं. चौकटची पंजी.

"तुझं सांग."

तिनं पानं एकेक करून टेबलावर लावली. गठ्ठ्यावरच्या पानासारख्याच ठिपक्यांची, मग पुन्हा तशीच, मग पुन्हा तशीच, काळी आणि लाल. आणि एक टोपीवाला देखणा माणूस, चौकटचा. गठ्ठ्यावरच्या पानावरही चौकटच होती. सगळं कसं जुळून आल्यासारखं वाटत होतं, पण त्याचं पुढे काय करायचं असतं ते तिला आठवलं नाही. एक शब्द आठवला.

"एकोणीस," ती म्हणाली.

रेनो पानांकडे बघत राहिला. त्याचे ओठ हलले. जन्मभर तयार असलेला शब्द त्याच्या जिभेवर आलेला तिला दिसला. मग त्यानं तो गिळला. आयुष्यात पहिल्यांदाच गिळला. हात पुढे करून त्यानं तिची बोटं आपल्या मुठीत घेतली.

"असू दे," तो म्हणाला. "छान हात होता."

तो तिच्याकडेच बघत होता, म्हणून त्याला दिसलं नाही. आर्डिसला दिसलं. फळीवरची लाल खुंटी, कुणी हात न लावता, सुरुवातीच्या जागेवरून निघाली आणि टिक, टिक करत पुढे चालू लागली. कुणाचे तरी गुण झाले म्हणून तिला बरं वाटलं. ती खूप वेळ चालत होती. किती भोकं गेली ते आर्डिसला सांगता आलं नसतं.